सेकंडचा टॉवेल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
एकवीस वर्षं टॉवेलला किनार मारते मी.
डझनावर पैसे.
मशीनच्या लाकडावर खडूनं रेघा,
चार उभ्या, एक आडवी.
संध्याकाळी मुकादम मोजतो, मी मोजते,
दोघांचं जुळलं की घरी.

तीच सवय देवळात नेली.
कुणाला दिसला नाही, पण खडू होताच मनात.
पहाटेची प्रार्थना, एक रेघ.
शुक्रवारचा उपास, एक.
सिव्हिलमधल्या परक्या म्हातारीला भाकरी आणि शेंगाचटणी,
तिच्या दोन धराव्यात असं वाटायचं.
गिळलेला रागाचा शब्द, अर्धी.
रात्री पत्र्याकडे बघत हिशेब द्यायचा,
प्रभू, आज इतके डझन.
तो काही बोलायचा नाही.
मी समजायचे, कमी पडले.

त्या वर्षी पवित्र आठवड्यातच पारा त्रेचाळीसला टेकला.
सोमवारी मशीनवर डोळ्यांपुढं अंधार आला.
टायफॉइड, डॉक्टर म्हणाले,
तीन आठवडे पडून राहा बाई.
पडून?
प्रभुभोजनाच्या मेजावरची चादर धुवायची होती,
पेले घासायचे होते,
उत्तम शुक्रवारच्या सात वाक्यांतलं पाचवं,
तहानेचं,
माझ्याकडं होतं.
वाक्य सुवार्ताबाईंना गेलं. चादर कुणीतरी धुतली.
देऊळ माझ्यावाचून भरलं आणि सुटलं.
घंटा ऐकली मी अंथरुणातून.
खरं सांगते, बरं नाही वाटलं.

शेजारची राजव्वा विड्यांचं सूप बाजूला सारून यायची,
ज्वारीची अंबील ठेवायची,
तेलुगूत कपाळावर काहीतरी पुटपुटून जायची.
तिच्या प्रत्येक पेल्याची मी नोंद ठेवत होते.
उठले की फेडीन.

शनिवारी, कबर अजून बंद असते त्या दिवशी,
लाइट गेली.
पंखा दोन फेरे घेऊन थांबला.
गल्लीतले सगळे माग थांबले,
आणि इतकं शांत झालं की मला भीती वाटली.
हे उठले.
शमुवेल जॉबर, मागाच्या खडखडाटात एक कान गेलेला,
वर्षभरात माझ्याशी बोललेले शब्द मुठीत मावतील.
घमेल्यात माठातलं पाणी,
खांद्यावर सेकंडचा टॉवेल,
कडेची वीण सुटलेला, किलोवर आणलेला,
मीच कधीतरी बाजूला फेकला असेल.
पायाशी बसले.

मी पाय ओढून घेतले.
भेगा होत्या, भेगांत कारखान्यातला कापूस, काळा पडलेला.
आणि नवऱ्यानं हे करावं?
"कशाला ओढलालीस," म्हणाले, "राहू दे की."

राहू दे की.

पाणी घोट्यावरून गेलं, बोटांमधून गेलं,
मग तो टॉवेल आला, खरबरीत, सावकाश.
लाखभर टॉवेल या हातांखालून गेले,
एकदाही मनात आलं नव्हतं
की जेवणावरून उठून त्या रात्री त्यानं कमरेला बांधला
तो असाच असणार, कापडाचा तुकडा, ओला होत गेलेला.
पायांच्या बारा जोड्या.
एक डझन.
त्यानं मोजल्या असतील?
त्यात पहाटेपर्यंत पळून जाणारे पाय होते,
सौदा करून आलेलेही होते.
त्यांनी करायचं तरी काय होतं?
एवढंच, की ओढून घ्यायचे नाहीत.

मी रडले वगैरे नाही. झोपले.
भरदुपारी, तोंड उघडं टाकून, हिशेब न देता.
लाइट कधी आली कळलं नाही.
रविवारी पुनरुत्थानाची पहाटेची भक्तीही
माझ्याशिवाय झाली,
आणि तो माझ्याशिवाय उठला.
राजव्वा आली तेव्हा पेला रिकामा करून
मी विचारलं, अजून आहे का गं?
ती हसली. पातेलंच घेऊन आली.

आता कामावर जाते. खडू लागतोच,
मुकादम काही ऐकायचा नाही.
देवळातला सुटलाय म्हणत नाही मी,
अजून सापडतो, पदराला लागलेला.
सापडला की जिथं असेन तिथं खाली बसते,
भेगा दिसल्या तर दिसू देत,
पाय लांब करते,
आणि थोडा वेळ तसेच ठेवते.